स्वयंसेवकांचे प्रादेशिक संमेलन : आखणीविषयी काही विचार

आपल्या मंडळ्यांतील बरेचसे काम बिनपगारी हातांनी चालते. शब्बाथशाळेचे शिक्षक, तरुण संघाचे कार्यकर्ते, महिला मंडळाच्या भगिनी, आजाऱ्यांच्या भेटीस जाणारे बंधू हे सर्व स्वयंसेवकच होत. त्यांचे प्रादेशिक संमेलन भरविण्याची जबाबदारी बहुधा पाळकांवर व उपदेशकांवर येते. मांडव, भोजन, वक्ते व अहवाल यांची यादी आपण करतो, आणि ती पुरी झाली म्हणजे आखणी झाली असे समजतो. आमच्या मते आखणीचा आरंभ याच्याही आधी, एका प्रश्नापासून व्हावयास हवा : या संमेलनास कोण येऊ शकणार नाही, आणि का?

हा प्रश्न केवळ तात्त्विक राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर आणू. तिगाव हे मध्य प्रदेशातील पांढुर्णा तालुक्याचे गाव. नागपूर-इटारसी लोहमार्गावर त्याचे लहानसे स्थानक आहे. पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांत घरी आणि शेतात मराठी चालते, कचेरीत हिंदी. काही घरांतून पवारी व गोंडीही ऐकू येते. समजा, या भागातील स्वयंसेवकांचे दोन दिवसांचे संमेलन तिगावास भरवावयाचे आहे.

प्रदेश कोणता?

१९३३ साली नागपुरास मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन लक्ष्मीबाई टिळकांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्या वेळी नागपूर व छिंदवाडा हे दोन्ही जिल्हे मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. संस्थेचा नकाशा राज्याच्या सीमेवरूनच काढला, तर तिगावचा स्वयंसेवक दूरच्या विभागाच्या अगदी कडेला पडतो. त्याच लोहमार्गावरील नरखेड व काटोल येथे तेच काम करणाऱ्या, तीच भाषा बोलणाऱ्या बांधवांची व त्याची मात्र भेट होत नाही. यास्तव मतदानाचा अधिकार नियमावलीप्रमाणे विभागातील प्रतिनिधींकडेच असावा. परंतु सीमेपलीकडील शेजाऱ्यांना पाहुणे म्हणून आवर्जून बोलवावे व चर्चेत भाग घेऊ द्यावा.

तारीख कोणी ठरवावी?

तारीख बहुधा वक्त्याच्या सोयीने ठरते. ती शेताच्या सोयीने ठरावी. हा संत्र्यांचा व कापसाचा मुलूख आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची तोड व कापसाची वेचणी एकदमच येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री, गहू व हरभरा असतो. जून पेरणीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीवर गोटमार होते. दगडफेकीत माणसे जखमी होतात व रस्ते बंद राहतात, तेव्हा ते दिवसही टाळावे लागतात. एप्रिल-मे मोकळा दिसतो, पण तेव्हा ऊन व लग्ने असतात. कोणत्याही महिन्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागतेच. रोजंदारीवर जाणाऱ्या शिक्षकाची दोन दिवसांची मजुरी बुडणार असेल, तर ती गोष्ट समितीस आधी ठाऊक असावी. म्हणून तीन-चार महिने आधी गावोगाव विचारूनच तारीख पक्की करावी. उन्हाळा निवडल्यास बैठका सकाळी व संध्याकाळी घ्याव्यात आणि दुपार विश्रांतीस ठेवावी.

भाषा आणि स्वयंपाकघर

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांनी तक्रार केली की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांची उपेक्षा होते. त्यावर सात जण निवडले गेले. त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्या गटाची उपेक्षा होत होती, त्या गटाच्या हाती व्यवस्था देण्यात आली असे यावरून दिसते. आपणही हेच करावे. भाषणे हिंदीत झाली तरी गटचर्चा मराठीत व्हावी, आणि ठराव मतास टाकण्यापूर्वी दोन्ही भाषांत वाचून दाखवावेत. कार्यकारी समितीत लहान गावांतील निदान दोघे तरी असावेत.

उपेक्षेचे दुसरे स्थान आपल्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. साठ प्रतिनिधी पहिल्या दिवशी दुपारी जेवून दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून निघाले, तर तीन वेळची मिळून १८० ताटे होतात. त्याशिवाय चहा व न्याहारी. हे सारे बहुधा महिला मंडळ करते. म्हणजे वर्षभर सर्वांत अधिक सेवा करणाऱ्या भगिनी आपल्याच संमेलनात चुलीपाशी राहतात व एकाही चर्चेत बसत नाहीत. अंदाजपत्रकात आचाऱ्याचा खर्च प्रथम धरावा. तो झेपत नसेल तर पुरुषांच्याही पाळ्या लावाव्यात. लहान मुलांना सांभाळण्याची, पाण्याची व स्त्रियांच्या स्वच्छतागृहाची सोय मांडवाच्या आधी पाहावी.

पैसा व हिशेब

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल वर्गणी एकट्याच्या हाती ठेवीत नाही. तीताबरोबर तो आणखी दोघा बंधूंना पाठवितो, आणि त्यांपैकी एकास मंडळ्यांनी निवडलेले असते. कोणी बोट ठेवू नये हा त्यामागील हेतू. संमेलनाचा पैसाही दोघांच्या सहीने खर्च व्हावा, प्रत्येक वर्गणीची पावती द्यावी, आणि हिशेब महिन्याभरात सर्व मंडळ्यांकडे पाठवावा. प्रतिनिधी-शुल्क सर्वांस सारखे असणे न्याय्य वाटते. पण दुरून येणाऱ्याचा प्रवासखर्च अधिक असतो. प्रवासखर्च एकत्र करून सर्वांवर सारखा वाटला, तर दूरच्या गावावर जास्तीचा भार पडत नाही.

विषय एक, निरोप तोंडी

यरुशलेमेतील सभेपुढे (कृत्ये, अध्याय १५) एकच मोठा प्रश्न होता, आणि निर्णय झाल्यावर केवळ पत्र धाडून ती मंडळी थांबली नाही. तो निर्णय तोंडी समजावून सांगण्यासाठी यहूदा व सीला यांना पत्राबरोबर पाठविले. आपल्या संमेलनांत दहा विषय व वीस ठराव होतात आणि अहवाल कपाटात राहतो. त्यापेक्षा एकच प्रश्न घ्यावा. उदाहरणार्थ, हिंदी शाळेत शिकणाऱ्या मुलांना शब्बाथशाळेत कोणत्या भाषेत शिकवावे? महिनाभर आधी तो मंडळ्यांकडे पाठवून तेथील उत्तरे मागवावीत. संमेलनानंतर दोन-दोन प्रतिनिधींनी, जे येऊ शकले नाहीत त्यांच्या गावी जाऊन निर्णय सांगावा.

घाईने फलित मिळत नाही याचे उदाहरण याच भागाच्या जवळ आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास सहा मंडळ्यांचे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले; तो सोहळा एका दिवसाचा, पण त्यामागील वाटाघाटी १९२९ पासून चालू होत्या. आपल्या लहान संमेलनास इतकी वर्षे नकोत, सहा महिने पुरतात. त्यांतील पहिला महिना मांडवासाठी न देता, मागील संमेलनास न आलेल्यांची नावे काढून त्यांच्या घरी जाण्यात घालवावा, अशी पाळक व उपदेशक बंधुभगिनींस आमची विनंती आहे.