संगणक आज्ञावलींची शासकीय खरेदी व लॉबिंग

संगणक आज्ञावली म्हणजेच सॉफ्टवेअर आणि संगणकीय सेवा यांच्या शासकीय खरेदीचे निर्णय आपणास अनुकूल व्हावेत म्हणून कंपन्या, त्यांच्या संघटना वा प्रतिनिधी हे विधिमंडळाचे सदस्य, मंत्री व अधिकारी यांच्याकडे जे प्रयत्न करतात, त्यांना या क्षेत्रातील लॉबिंग म्हणतात. निवेदने देणे, धोरणांच्या मसुद्यांवर सूचना करणे, तांत्रिक समित्यांत प्रतिनिधी पाठविणे ही त्याची प्रमुख साधने होत. लाचलुचपतीहून ते भिन्न असून लोकशाही देशांत सामान्यतः वैध मानले जाते.

या खरेदीत निविदेतील किंमतीपेक्षा निविदेपूर्वी ठरणारे तांत्रिक विनिर्देश अधिक निर्णायक असतात. शासकीय दस्तऐवज एकाच कंपनीला पूर्णतः ज्ञात असलेल्या संरचनेत साठविले गेले, तर ते वाचण्यासाठी पुढेही तिच्याच आज्ञावली घ्याव्या लागतात. पुरवठादार बदलावयाचा झाल्यास जुन्या दस्तऐवजांचे रूपांतर व कर्मचाऱ्यांचे पुनर्प्रशिक्षण यांचा खर्च आड येतो. त्यामुळे मानके ठरविणाऱ्या समित्या हे लॉबिंगचे महत्त्वाचे क्षेत्र बनले.

अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्याने सप्टेंबर २००५ मध्ये कार्यकारी विभागांच्या दस्तऐवजांसाठी ‘ओपनडॉक्युमेंट’ ही खुली संरचना स्वीकारली व जानेवारी २००७ पासून तिची अंमलबजावणी करण्याचे ठरविले. मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस’ या आज्ञावलीसंचात त्या वेळी तिची सोय नव्हती. कंपनीने या निर्णयास विरोध केला, तर आयबीएम व सन मायक्रोसिस्टिम्स या तिच्या प्रतिस्पर्ध्यांनी त्याची बाजू घेतली. अंध व अपंग कर्मचाऱ्यांची साहाय्यक साधने नव्या आज्ञावलींशी जुळतील काय, हा रास्त प्रश्नही पुढे आला. ऑगस्ट २००७ मध्ये राज्याने मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑफिस ओपन एक्सएमएल’ या संरचनेसही मान्यता दिली.

हाच वाद आंतरराष्ट्रीय मानक संघटनेतही झाला. ‘ओपनडॉक्युमेंट’ला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला होता. मायक्रोसॉफ्टच्या संरचनेस सप्टेंबर २००७ मधील मतदानात पुरेसा पाठिंबा मिळाला नाही. त्यापूर्वी स्वीडनमधील समितीत ऐनवेळी अनेक कंपन्या सभासद झाल्या होत्या. एका सभासदाने एकाहून अधिक मते दिल्याचे आढळल्याने तेथील मतदान रद्द झाले. अखेर २००८ मध्ये ही संरचना मानक म्हणून संमत झाली. भारताने तिच्या विरोधात मत दिले होते. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला यांच्या मानक संस्थांनी केलेली अपिले त्याच वर्षी फेटाळण्यात आली.

भारत सरकारने २०१० मध्ये ई-शासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. एका प्रयोजनासाठी शक्यतो एकच, स्वामित्वशुल्करहित मानक असावे, हे त्याचे सूत्र असून अपवादांचीही तरतूद त्यात आहे. २०१५ च्या धोरणाने मुक्त स्रोत आज्ञावलींना प्राधान्य दिले. सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ नुसार खरेदीच्या वर्णनात विशिष्ट व्यापारचिन्ह वा व्यापारनामाची अट सामान्यतः घालता येत नाही. अमेरिकेत १९९५ च्या कायद्यान्वये संघराज्य पातळीवरील लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी व खर्चाची माहिती देणे बंधनकारक आहे. भारतात मात्र असा स्वतंत्र कायदा नाही.

उत्पादकांचे तांत्रिक ज्ञान शासनाला आवश्यक असते, म्हणून त्यांचे म्हणणे वर्ज्य करणे इष्ट नाही. तथापि ते कोणी, केव्हा व कोणत्या समितीपुढे मांडले याची नोंद जनतेस उपलब्ध असणे आणि विनिर्देशांची पारख करू शकणारे तज्ञ शासनाच्या सेवेत असणे, या दोन गोष्टींवर अशा खरेदीची निःपक्षपातता मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.