मोर्चा, सरबत्ती, भडिमार: तोफखान्यातून घरात आलेले शब्द

जठारपेठेतल्या चहाच्या टपरीवर सकाळचा पेपर पानापानांनी सुटा होतो. एकाच्या हाती पहिलं पान, दुसऱ्याच्या हाती खेळाचं. बाकावर बसून मी नुसते मथळे वाचत होतो: मोर्चा, प्रश्नांची सरबत्ती, आरोपांचा भडिमार, गोलंदाजांचा अचूक मारा. शेजारच्या काकांनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "मोर्चा म्हंजे इंग्रजीतला मार्चच नं, भाऊ?"

हा समज फार पसरलेला आहे. पाय आपटत चालणाऱ्या माणसांची रांग डोळ्यांपुढे येते आणि मार्चवरून मोर्चा झाला असावा असं वाटतं. पण मोर्चा फारसीतून आला. तिथं मूर म्हणजे मुंगी. मुंग्यांच्या बिळासारखा खणलेला चर तो मोर्चाल, असा उलगडा कोशकार करतात. मराठी बखरींमध्ये अमुक किल्ल्यास मोर्चे लावले असं येतं, तेव्हा माणसं गडाच्या समोर माती खणत असतात, आडोसा उभारत असतात आणि त्यामागं तोफा चढवत असतात. मोर्चा म्हणजे एका जागी घट्ट रोवून बसणं. आज तो चालत कचेरीवर जातो. अर्थ असा उलटा फिरला तरी मोर्चेबांधणी या शब्दात जुनं खणणं अजून शिल्लक आहे.

गोलंदाज हा शब्द क्रिकेटच्या समालोचनासाठी घडवला, असंही पुष्कळांना वाटतं. तिरंदाज तीर सोडणारा, तसा गोलंदाज गोळा डागणारा. पानिपतावर १७६१ साली इब्राहीमखान गारद्याच्या तोफांमागं उभे होते ते गोलंदाजच. गोलंदाज या शब्दाच्या वाट्याला चेंडू फार उशिरा आला.

सरबत्ती आणि भडिमार आपण एकाच अर्थानं वापरतो. मला त्यांतला फरक जपावासा वाटतो. सरबत्तीत बत्ती आहे, म्हणजे काठीच्या टोकाला धुमसत ठेवलेली वात. तोफेच्या मागच्या बाजूला वर एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. त्या कानात रंजक, म्हणजे बारीक दारू, भरायची आणि बत्ती द्यायची. रांगेतल्या तोफाबंदुकांना बत्ती देऊन फैरी झाडल्या की ती सरबत्ती. तोफा शत्रूवरच उडत असं नाही, आनंदाच्या बातमीवर आणि स्वागतालाही उडत. भडिमार मात्र थांबत नाही. तो एकाच जागी पुन्हापुन्हा, दिवसरात्र चालतो.

सिनेमानं आणखी एक गैरसमज करून दिला. प्रत्येक गोळा पडला की आग आणि धूर. भिंत फोडायला वापरत तो गोळा बहुधा भरीव लोखंडाचा असे. तो फुटत नसे, नुसता आदळत असे. पोटात दारू भरलेला, पडल्यावर फुटणारा तो कुलपी गोळा. तो गरनाळेतून किंवा उखळी तोफेतून उडवत.

पण सगळ्यांत मोठी गल्लत वेगळीच आहे. भडिमार म्हणजेच हल्ला आणि तोफांनीच किल्ले पडत, असं आपण धरून चालतो. याचा खुलासा आपल्या वऱ्हाडाच्या उत्तरेच्या डोंगरातच आहे.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रजांसमोर उभी राहिली. तोफा सुरू होताच इंग्रजांच्या तीन पलटणी पाठ फिरवून पळाल्या. याच पलटणींनी दोनच महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत याहून कितीतरी जबर मारा सोसला होता. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली जवळच होता म्हणून त्यानं त्यांना परत रांगेत आणलं. भडिमाराचं एक काम हेच, समोरच्याचा धीर मोडणं. तरीही संध्याकाळी मैदान इंग्रजांकडं गेलं आणि भोसल्यांच्या ३८ तोफाही.

मग इंग्रज वळले ते भोसल्यांच्या डोंगरी किल्ल्याकडं, गावीलगडाकडं. दक्षिणेकडं कडा इतका सरळ की तिथून चढणं अवघड. म्हणून इंग्रजांचा कर्नल स्टीव्हन्सन ७ डिसेंबरला अचलपुराहून निघाला आणि डोंगराला वळसा घालून उत्तरेकडं गेला. सुमारे ३० मैल. वाट करत जायचं आणि जड तोफा जवळजवळ सगळ्या रस्त्यानं माणसांनी हातांनी ओढायच्या. चिखलदऱ्याचा घाट गाडीनं चढताना मला दर वेळी त्या दोरांवरचे हात आठवतात. १२ तारखेला तो पोचला, त्याच रात्री मोर्चे बांधले, १३ला सकाळी भडिमार सुरू झाला. दक्षिणेकडून वेलस्लीनंही तोफा लावल्या. १४च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या किल्ल्याच्या तटांना आत शिरण्याजोगी खिंडारं पडली. तोफांचं काम एवढंच. आतला किल्ला तसाच उभा होता.

१५ला सकाळी सुलतानढवा झाला, म्हणजे सगळ्या बाजूंनी निकराचा हल्ला. बाहेरचा किल्ला घेऊन फौज खोल दरी ओलांडून आतल्या तटाशी आली आणि तिथं अडली. या तटाला खिंडार नव्हतं. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनं एका जागी शिड्या लावल्या, वर चढून आत उड्या टाकल्या आणि दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांच्या भडिमारानं जे झालं नाही ते लाकडी शिडीनं झालं.

इंग्रजीतल्या बॅराज शब्दाचंही इथंच सांगतो, कारण भाषांतरात तो सर्रास भडिमार होतो. मुळात तो फ्रेंच, अर्थ बंधारा. पहिल्या महायुद्धात शत्रूची वाट अडवायला गोळ्यांचा पडदा धरत, त्याला हे नाव पडलं. आपल्या तेल्हारा तालुक्यात नेरधामण्याला पूर्णेवर बॅरेज आहे, तो शब्द हाच. बॅराज अडवतो, भडिमार फोडतो.

गावीलगडावर आजही तोफा आहेत. गेलात तर तोंडापाशी फोटो काढून परत फिरू नका. मागं जा, कान शोधा आणि त्यावर बोट ठेवून बघा. गड पडल्यावर दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. त्यात गावीलगड आणि नरनाळा भोसल्यांकडंच राहिले. वर्धा नदीच्या पश्चिमेचा बाकीचा वऱ्हाड मात्र गेला आणि पुढं निजामाला मिळाला.