ऐन खेळात संगणक दगा का देतो?

नागपूर : दिवसभर ई-मेल, हिशेबाची कामे आणि चित्रपट विनातक्रार दाखविणारा घरचा संगणक खेळ सुरू केल्यावर मात्र अर्ध्या तासातच मान टाकतो. कधी पडद्यावर त्रुटीचा संदेश झळकतो, कधी चित्र गोठते, तर कधी कोणतीही पूर्वसूचना न देता यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते. अशा वेळी संशय सर्वप्रथम ग्राफिक्स कार्डवर घेतला जातो. ते सर्वांत महाग, त्यामुळे तेच दोषी, असा सोपा हिशेब मांडला जातो. वीस-तीस हजार रुपये मोजून नवे कार्ड बसवले जाते आणि आठवडाभरात पुन्हा तोच प्रकार घडला, की पालक खेळाला आणि मुले नशिबाला दोष देतात.

वास्तविक असा बिघाड 'कधीही' होत असला, तरी तो 'कसाही' होत नाही. सुटे भाग बदलण्यापूर्वी त्याची तऱ्हा नीट पाहिली, तर बराच खर्च वाचू शकतो.

खेळातच का?

पत्र लिहिताना वा संकेतस्थळ पाहताना संगणकाच्या क्षमतेचा लहानसा भागच वापरला जातो. खेळात मात्र प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि वीज पुरविणारा एसएमपीएस या चौघांवर एकाच वेळी ताण येतो. त्यांच्यातील जो भाग कमकुवत असेल, तो तेथे उघडा पडतो.

म्हणूनच पहिले निरीक्षण महत्त्वाचे. एकच खेळ बंद पडून विंडोजचा पडदा परत दिसत असेल आणि बाकीचे खेळ सुरळीत चालत असतील, तर सुटे भाग सोडून आधी त्या खेळाच्या फाइल तपासाव्यात. क्षणभर पडदा काळा होऊन चित्र परत येत असेल, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर वा कार्ड यांच्याकडे लक्ष द्यावे. दर वेळी निराळा त्रुटीसंदेश येत असेल, तर रॅमवर संशय घेण्यास जागा आहे. संगणक आधी संथ होऊन, पंखे जोरात फिरू लागून मग बंद होत असेल, तर उष्णता हे कारण असू शकते. दिवा विझावा तसा तो क्षणात बंद होत असेल, तर वीजपुरवठ्यापासून सुरुवात करावी.

उन्हाळ्याचा हिशेब

नागपुरात या यादीतील उष्णतेला वेगळे महत्त्व आहे. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. संगणकाचा पंखा खोलीतील हवेनेच आतील भाग थंड करतो. त्याला खोलीपेक्षा थंड हवा मिळत नाही. खोलीचे तापमान जितके अंश वाढेल, साधारण तितकेच आतील भागांचेही वाढते. डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर चालणारा प्रोसेसर मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत त्याच कामासाठी ९० अंशांपुढे जाऊ शकतो. अलीकडच्या बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९० ते १०० अंशांच्या आसपास असते. त्या मर्यादेशी पोहोचताच प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही उष्णता आटोक्यात आली नाही, तर स्वसंरक्षणासाठी यंत्र बंद करतो. हिवाळ्यात निर्दोष वाटलेला संगणक उन्हाळ्यात बिघडल्यासारखा भासतो, तो यामुळे.

यावर घरच्या घरी करता येणारा प्रयोग सोपा आहे. 'एचडब्ल्यूइन्फो'सारख्या मोफत प्रोग्रॅमने खेळताना तापमानाची नोंद ठेवावी. नंतर कॅबिनेटची बाजू उघडून, समोर टेबलफॅन लावून तोच खेळ तितकाच वेळ खेळावा. तापमान बरेच उतरले आणि बंद पडणेही थांबले, तर दोष वायुवीजनाचा आहे. धूळ काढताना संगणक बंद करून वायर काढावी आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. काही वर्षे जुन्या यंत्रात प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट वाळलेली असते, तीही बदलून घ्यावी. लॅपटॉप गादीवर वा उशीवर ठेवून खेळल्यास त्याचे श्वसनच बंद होते.

वैदर्भीय घरातील कूलरबाबतही एक सावधगिरी हवी. कूलरमुळे खोली थंड होते, हे संगणकाच्या पथ्यावरच पडते. परंतु ओल्या हवेचा झोत थेट कॅबिनेटवर सोडल्यास आतील धूळ ओलसर होऊन पंख्यांवर आणि जाळीवर थापली जाते. संगणक झोताच्या वाटेतून बाजूला ठेवणे उत्तम.

विजेचा लपंडाव

यंत्र क्षणार्धात बंद पडत असेल, तर एसएमपीएसइतकेच त्याच्या आधीच्या साखळीकडे पाहावे. वीज खंडित झाली, तर एसएमपीएस पूर्ण भारावर सेकंदाचा जेमतेम साठावा भागच तग धरतो. तेवढ्यात यूपीएसने भार उचलला नाही, तर संगणक बंद होणारच. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटचाच भार पेलतो. कार्यालयीन संगणकाला तो पुरतो. मोठे ग्राफिक्स कार्ड असलेले यंत्र खेळात त्याहून अधिक वीज ओढू शकते. वीज असताना सारे ठीक आणि वीज जाताच यूपीएस असूनही संगणक बंद, असे होत असेल, तर बहुधा हेच कारण.

अनेक घरगुती इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असे दोन पर्याय असतात. 'नॉर्मल'वर बॅटरीकडे वळण्यास अधिक वेळ लागतो. पंखे-दिव्यांना तो चालतो, संगणकाला चालत नाही. एसीचा कॉम्प्रेसर वा पाण्याचा पंप सुरू होण्याच्या क्षणीच यंत्र बंद पडत असेल, तर ते वेगळ्या सॉकेटवर जोडून पाहावे. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर मात्र स्वतः प्रयोग न करता इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. आणि एसएमपीएस कोणत्याही परिस्थितीत घरी उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक दाब शिल्लक असतो.

संदेश वाचावा, पण तपासून

विंडोजमधील 'रिलायबिलिटी मॉनिटर' आणि 'इव्हेंट व्ह्यूअर' येथे प्रत्येक बिघाडाची तारीख-वेळेसह नोंद राहते. त्यात 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसली, की अनेक जण एसएमपीएस बदलायला धावतात. तिचा अर्थ इतकाच, की संगणक रीतसर बंद न होता थांबला. कारण ती सांगत नाही.

संदेश किती दिशाभूल करू शकतो, याचे मोठे उदाहरण २०२४ साली जगाने पाहिले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या शक्तिशाली डेस्कटॉप प्रोसेसरवर खेळ वारंवार कोसळत होते आणि पडद्यावर बऱ्याचदा 'ग्राफिक्सची मेमरी अपुरी' अशा अर्थाचा संदेश येत होता. दोष मात्र प्रोसेसरमध्ये होता. त्याला गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मिळत असल्याचे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केले, ऑगस्टपासून बायोसद्वारे सुधारणा उपलब्ध करून दिली आणि या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच खराब झालेला प्रोसेसर या सुधारणेने दुरुस्त होत नाही. ज्यांच्याकडे या पिढ्यांचे प्रोसेसर आहेत, त्यांनी मदरबोर्डच्या कंपनीचे अद्ययावत बायोस बसवले आहे ना, याची खात्री करावी.

एकाच मोजमापावर विसंबू नये, हा धडा नागपूरकरांना त्याच वर्षी हवामानानेही दिला. मे २०२४ च्या अखेरीस शहरातील एका स्वयंचलित केंद्रावर तब्बल ५६ अंशांची नोंद झाली. ती सदोष सेन्सरमुळे असल्याचे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले. संगणकातील आकड्यांचेही तसेच. एक आकडा अविश्वसनीय वाटला, तर दुसऱ्या प्रोग्रॅमने तो पडताळून पाहावा.

एका वेळी एकच बदल

तपासणीची सुरुवात महत्त्वाच्या फाइलचा बॅकअप घेऊन करावी; वारंवार अचानक बंद पडणारा संगणक साठवलेली माहितीही खराब करू शकतो. त्यानंतर वेग वाढविण्यासाठी केलेले सारे बदल, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग आणि रॅमचे 'एक्सएमपी' वा 'एक्स्पो' प्रोफाइल, बायोसमधून बंद करून पाहावे. एवढ्यानेच यंत्र स्थिर झाले, तर दमडीही खर्च न होता कारण हाती लागते. रॅमची शंका असल्यास 'मेमटेस्ट८६' रात्रभर चालवावे. त्यात एकही त्रुटी दिसली, तर ती दुर्लक्षिण्याजोगी नसते. दोन रॅम असतील, तर आळीपाळीने एकेक काढून पाहिल्यास सदोष कोणती, हेही कळते.

या साऱ्यात पथ्य एकच : एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. ड्रायव्हर, रॅम आणि यूपीएस एकदम बदलले आणि बिघाड थांबला, तर नेमके औषध कोणते लागू पडले, हे कधीच कळत नाही. बिघाडाची तारीख, वेळ, खेळ, तापमान आणि त्या क्षणी वीज होती की नव्हती, एवढ्या पाच नोंदी आठवडाभर ठेवल्या, तरी चित्र बरेच स्पष्ट होते.

यानंतरही उलगडा झाला नाही, तर यंत्र दुरुस्तीला जरूर द्यावे. मात्र वॉरंटी असेल, तर कॅबिनेट वा लॅपटॉप उघडण्यापूर्वी तिच्या अटी वाचाव्यात. सीताबर्डीतील दुकान असो वा कंपनीचे सेवा केंद्र, 'खेळताना बंद पडतो' एवढेच सांगणाऱ्या ग्राहकापेक्षा ही वही पुढे ठेवणाऱ्या ग्राहकाचे काम लवकर होते. शिवाय नवा भाग घेण्याचा सल्ला मिळालाच, तर तो का, हे विचारण्याचा आधारही त्याच्या हाती असतो.