नांगर आणि वादळ

ग्रेनाडा राष्ट्रातील कॅरियाकू हे कॅरिबियन समुद्रातले सुमारे ३४ चौ. कि.मी.चे चिमुकले बेट. येथे वर्षातील बहुतेक काळ व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात; म्हणून शिडाच्या नौका पश्चिमेचा आडोसा शोधतात. नैर्ऋत्येकडील टिरेल उपसागर हा त्यांचा लाडका विसावा.

नांगर टाकणे हे घाईचे काम नव्हे. पाण्याखाली फिकट दिसते ती वाळू, गडद दिसते ते सागरी गवत. नांगर नीट रुततो तो वाळूतच. पाणी ५ मीटर खोल आणि नौकेची नाळ पाण्यापासून १ मीटर उंच असेल, तर या ६ मीटरच्या पाचपट, म्हणजे ३० मीटर साखळी सोडावी. साखळी तळाशी पडून राहिली, की ओढ आडवी बसते व नांगर अधिक खोल जातो. येथे काटकसर महागात पडते!

उपसागरालगतची खारफुटीची खाडी वादळात नौकांचे आश्रयस्थान मानली जाई. १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ चक्रीवादळ ताशी सुमारे २४० कि.मी. वेगाच्या वाऱ्यांसह कॅरियाकूवर आदळले. खारफुटीत दाटीने बांधलेल्या नौका एकमेकींवर आपटल्या. अनेक उलटल्या, अनेक फुटल्या. हिरव्या खारफुटीच्या जागी उघड्या फांद्या तेवढ्या उरल्या.