बाळंतपणानंतरचे ४२ दिवस

महाराष्ट्रात बाळंतपण आता घरचं राहिलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. त्याच पाहणीत, जन्मल्यावर तासाभराच्या आत आईचं दूध मिळालेली बाळं मात्र निम्म्याहून थोडी जास्त, एवढीच आहेत. अंगावर पाजायला औषध लागत नाही की यंत्र लागत नाही. त्या तासात बाळंतिणीच्या उशाशी थांबणारं एक जाणतं माणूस लागतं. दवाखान्यात ते माणूस म्हणजे नर्स, आणि नेमकं तेच आपल्याकडे कमी पडतं.

मूल रडलं की नातेवाईक फोनाला लागतात, डॉक्टर पुढच्या टेबलाकडे वळतात. नर्सचं खरं काम तिथून सुरू होतं. ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन द्यायचं, वार पूर्ण पडली का ते पाहायचं, मग बेंबीखाली हात ठेवून गर्भाशय आवळलंय का ते चाचपायचं. ते नारळासारखं घट्ट लागलं तर ठीक; मऊ लागलं तर लगेच चोळायला घ्यायचं आणि हाक मारायची. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब आणि अंगावरचं जाणं पाहायचं असतं. अर्धा लिटरच्या पुढे रक्त गेलं की तो अतिरक्तस्राव, ही व्याख्या प्रत्येक नर्सला पाठ असते. पण रक्त चादरीत, गादीत, फरशीवर मुरतं आणि नजरेचा अंदाज बहुधा कमीच येतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या रुग्णालयांत बाळंतिणीखाली खुणा केलेली साधी प्लॅस्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं गेलं, आणि ठरावीक रेघ ओलांडली की चोळणं, औषधं, सलाइन, तपासणी हे सगळं एकदमच सुरू केलं गेलं. २०२३ साली त्याचे निष्कर्ष आले: गंभीर रक्तस्राव, त्यापायीची शस्त्रक्रिया आणि मृत्यू मिळून ६० टक्क्यांनी घटले. नवं औषध काही नव्हतं. रक्त मोजलं गेलं आणि वाट पाहणं थांबलं, एवढंच.

बाळाचं वेळापत्रक याच वेळी चालू असतं. पुसून कोरडं करायचं, आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, नाळ कापायची घाई करायची नाही, व्हिटॅमिन के द्यायचं, वजन घ्यायचं, बीसीजी आणि पोलिओचा डोस, चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस-बी. मला सगळ्यांत आवडते ती थर्मामीटरशिवायची परीक्षा. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावायची, मग तळपायांना. दोन्ही कोमट असतील तर बाळ ठीक. पोट कोमट, तळवे गार, तर बाळाला थंडी वाजतेय. लगेच आईच्या अंगाशी. दोन्ही गार असतील तर धावपळ करायची. पाच सेकंदांत होणारी ही तपासणी कुठल्याही आजीला शिकवता येते.

आता वॉर्डाचा हिशेब पाहा. बाळंतिणींच्या वॉर्डात तीस खाटा असतील तर तिथे साठ जीव असतात. रजिस्टरवर रुग्ण म्हणून तीसच धरले जातात. आईजवळचं निरोगी बाळ खाटेच्या गणतीत येत नाही. नर्सची संख्या खाटांवरून ठरते, म्हणजे निम्मं काम कागदावर नसतंच. त्यात राज्यातली चारातली एक बाळंतीण सिझेरियनची. तिला कुशीवर वळवायचं, टाके सांभाळून बाळ छातीशी धरायला शिकवायचं, यात सहज अर्धा तास जातो. रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरने तो आणायचा कुठून? मग ‘दूध येत नाही’ म्हणत घरचे पावडरचा डबा आणतात, आणि दोष बाळंतिणीच्या माथी जातो.

कमी वजनाच्या बाळांसाठी मुंबईनं फार पूर्वी एक वाट दाखवली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. एका आईचं जास्तीचं दूध निर्जंतुक करून दुसरीच्या अशक्त बाळाला देण्याची ही सोय महापालिकेच्या गर्दीच्या रुग्णालयात उभी राहिली, याचं मला कौतुक वाटतं. कांगारू पद्धतीची गोष्टही टंचाईतूनच आलेली. कोलंबियात, बोगोट्याच्या रुग्णालयात इन्क्युबेटर पुरेनात, म्हणून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बाळं आयांच्या छातीला बांधली गेली. यंत्रांची गरज त्यानं संपत नाही, पण यंत्रालाही राखण लागते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, हे विसरून नवजात कक्षांच्या उद्घाटनाच्या फिती कापू नयेत.

दवाखान्यातला मुक्काम साध्या बाळंतपणात ४८ तासांचा. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात. म्हणजे पहिल्या दोन दिवसांचा धोका दवाखान्यात निभावला, तरी आठवड्यातले उरलेले पाच दिवस घरी जातात. या दिवसांवर जगात कुठे नीट काम झालं असेल तर ते गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. बाळ गुदमरलं तर श्वास कसा द्यायचा, ऊब कशी टिकवायची, जंतुसंसर्ग कशावरून ओळखायचा आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं त्यांना शिकवलं. ३९ गावांत हा प्रयोग झाला. शेजारची ४७ गावं तुलनेला घेतली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. खेड्यातल्या बाईच्या हाती सुई दिली म्हणून तेव्हा शिकलेल्यांनी नाकं मुरडली होती. त्या बाईची मोठी सोय अशी होती, की ती गावात राहत होती आणि रात्री दोन वाजता दार वाजवता येत होतं.

२०११ साली हे काम देशभर आलं, ते आशाताईंच्या खांद्यावर. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीची आणखी एक. मोबदला २५० रुपये. मूळ नियमात एक अट अशी, की ४२ व्या दिवशी आई आणि बाळ दोघंही सुखरूप असावीत. कोणाच्या डोक्यातून हे निघालं असेल देव जाणे. ज्या घरात बाळ गेलं, त्या घरी आशाताई जास्त वेळा गेलेली असते. मूळ प्रयोगातलं एक अंगही सरकारी प्रवासात गळालं: आशाताईच्या पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर आले, इंजेक्शन सरसकट आलं नाही. आजारी बाळाला वर पाठवणं हेच तिचं मुख्य काम झालं, आणि वर म्हणजे किती लांब, हे मेळघाटात विचारावं.

भेटींच्या वेळापत्रकात आपल्या रीतीचा विचार फारसा नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिन्यानं सासरी. नाव एका गावच्या आशाताईकडे, बाळंतीण दुसऱ्या गावात. ऊसतोडीच्या हंगामात तर बीडची बाई कोपीत बाळंत होते आणि काही दिवसांत पुन्हा मोळ्या उचलते. तिला शोधायला कोणतं रजिस्टर पुरणार?

घरच्या रीतींवर शिकलेली माणसं सरसकट हसतात, ते मला पटत नाही. सव्वा महिना विश्रांती, बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाला टोपडं-दुपटं, पाहुण्यांची वर्दळ कमी, यात चुकीचं काही नाही. बंद खोलीतली धुरी, बाजेखालची शेगडी, नाळेला हळद किंवा राख, कानात तेल, जन्मल्या जन्मल्या मध किंवा गूळपाणी हे मात्र सोडायलाच हवं. बाळंतिणीचं पाणी तोडणं तर क्रूरपणा आहे. चिकाचं दूध पिळून टाकायची चाल कमी झाली, याचं श्रेय भाषणांपेक्षा वॉर्डात शेजारी बसून पाजायला लावणाऱ्या सिस्टरांना द्यायला हवं.

बाळंतिणीच्या मनाकडे मात्र घरचंही लक्ष नाही आणि दवाखान्याचंही. पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणं नेहमीचं. दोन आठवडे उलटूनही झोप नाही, बाळाकडे पाहावंसं वाटत नाही, आपण नकोसे वाटतो, तर तो आजार आहे. घरी त्याला ‘बाहेरचं’ म्हणतात किंवा नाटक. ‘तू कशी आहेस?’ असं विचारून उत्तराची वाट पाहणारी नर्स अर्धं निदान तिथेच करते.

महाराष्ट्राचा मातामृत्यू दर २०१८-२० मध्ये लाखाला ३३ होता, केरळच्या खालोखाल. ही मोठी कमाई आहे, आणि म्हणूनच पुढची मागणी करायचा हक्क आपल्याला आहे. वॉर्डातलं बाळ रुग्ण म्हणून मोजा आणि त्या मोजणीनुसार नर्स भरा. २०१८ साली केंद्रानं परिचारिकांमधून प्रशिक्षित मिडवाइफ घडवण्याचं धोरण आणलं. अठरा महिन्यांचं ते प्रशिक्षण झालेल्या मुलींना बाळंतपणाच्याच कामावर ठेवा, बदल्यांत भिरकावू नका. आशाताईचा मोबदला भेटीला द्या, निकालाला नको.

आणि ज्यांच्या घरात बाळंतीण आहे त्यांना: बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली, पहिल्या चोवीस तासांतच पिवळं दिसलं, किंवा बाळंतिणीला ताप, झटके, डोळ्यांपुढे अंधारी, घाण वासाचं अंगावर जाणं, तासाभरात पॅड भिजून जाणं, यातलं एकही दिसलं तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा. गाडीचे पैसे लागत नाहीत.