शेतकऱ्यांचीं कीटक-निरीक्षणें व शास्त्रीय नियतकालिकें

पिकांवरील किडींचा सहवास जितका शेतकऱ्यास घडतो तितका दुसऱ्या कोणासही घडत नाहीं. कीटकशास्त्रज्ञ कितीही उद्योगी असला तरी एका शेतांत तो हंगामांतून दोनचार वेळां येणार. शेतकरी मात्र पेरणीपासून मळणीपर्यंत रोज त्याच बांधावर उभा असतो. कोणत्या पावसानंतर कोणती अळी दिसूं लागते, कोणत्या वाणावर मावा अगोदर बसतो, कोणता पक्षी कोणत्या पिकांतील अळ्या वेचतो, हें तो न शिकतां जाणतो. परंतु हें ज्ञान बहुधा त्याच्याबरोबर राहतें आणि त्याच्याबरोबरच जातें. मुलगा बापापासून थोडें ऐकतो, शेजारी पारावर थोडें ऐकतो, आणि पुढच्या पिढीस पुन्हा आरंभापासून ठेचा खाव्या लागतात. असें कां होतें व त्यावर उपाय काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कारण एवढेंच कीं, हें पाहिलेलें कोणी लिहीत नाहीं. आणि लिहिलें तरी जेथें तें पुढें शोधलें जाईल अशा जागीं ठेवीत नाहीं. वर्तमानपत्रांतील बातमी आठवड्यांत विसरली जाते. कीटकशास्त्राच्या नियतकालिकांत छापलेलें अर्ध्या पानाचें टिपण मात्र शंभर वर्षांनींही काढून वाचलें जातें. त्यांत कीटकाचें नक्की नांव, सांपडल्याचें ठिकाण, तारीख, तो ज्या वनस्पतीवर जगतो तिचें नांव व पाहणाऱ्याचें नांव हीं असतात. आणि ज्या नमुन्यावरून तें लिहिलें तो नमुना कोणत्या संग्रहांत ठेविला आहे हेंही नमूद असतें. ज्यास शंका येईल त्यानें तो काढून पाहावा, अशी ही रीत आहे.

या रीतीचें मोल सांगणारें उदाहरण आपल्या कापसाच्या शेतांतच आहे. जी शेंदरी बोंडअळी आज विदर्भ-मराठवाड्यांत घरोघर माहीत आहे, तिचें पहिलें शास्त्रीय वर्णन १८४३-४४ च्या सुमारास लंडनच्या कीटकशास्त्र-मंडळाच्या नियतकालिकांत साँडर्स नांवाच्या गृहस्थांनीं प्रसिद्ध केलें. तें ज्या नमुन्यांवरून केलें ते मात्र भडोचचे होते. तेथील सरकारी कापूस-मळ्यांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यानें १८४२ सालीं बोंडें पोखरणारे हे कीटक पाहिले, जपून ठेविले आणि विलायतेस पाठविले. ‘यंदा बोंडें किडलीं’ एवढेंच वर कळवून त्यानें कागद बांधून ठेविला असता, तर ती गोष्ट तेथेंच संपली असती. पुढें हीच अळी इजिप्त, अमेरिका इत्यादि देशांत जाऊन पोहोंचली, तेव्हां ती कोण हें ठरविण्यास तेथील शास्त्रज्ञांना भडोचच्या नमुन्यांवरील त्या वर्णनाचाच आधार झाला.

या अळीची कथा तेथें थांबत नाहीं. आपल्या देशांत २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली व कांहीं वर्षें बोंडअळीचा विसर पडला. २०१० सालीं गुजराथेंतील कांहीं भागांत पहिल्या बीटी वाणांस शेंदरी बोंडअळी दाद देईनाशी झाल्याचें जाहीर झालें. पुढें दोन जनुकांच्या वाणांवरही ती जगूं लागली. आणि २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांतील कापूस-उत्पादकांचें जें नुकसान झालें तें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. असा बदल प्रयोगशाळेंत आरंभ होत नाहीं. तो आरंभ होतो बीटीच्या हिरव्या बोंडांत जिवंत सांपडलेल्या पहिल्या कांहीं अळ्यांपासून. तें बोंड फोडणारा हात शेतकऱ्याचाच असतो. ‘बीटीलाही अळी लागली’ असें तो नुसतें म्हणेल तर तें तक्रार म्हणून ऐकलें जाईल. परंतु अमुक तारखेस, अमुक वाणाचीं वीस हिरवीं बोंडें फोडलीं, त्यांपैकीं इतक्यांत जिवंत अळी निघाली व त्या अळ्या या बाटलींत आहेत, असें जर त्यानें मांडलें, तर तो पुरावा होतो. तक्रार आणि पुरावा यांतील अंतर एवढेंच आहे.

कोणी म्हणेल कीं, हीं विद्वानांचीं कामें. आम्हां शेतकऱ्यांस तीं कशीं साधावीं? यास इतिहासाचें उत्तर निराळें आहे. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालीं स्थापन झाली आणि १८८६ पासून तिचें नियतकालिक निघूं लागलें. त्यांत १८९६ पासून उत्तर कानडा जिल्ह्यांतील फुलपाखरांवर जी प्रसिद्ध लेखमाला आली, तिच्या तीन लेखकांपैकीं डेव्हिडसन हे मुलकी अधिकारी, बेल हे जंगल खात्यांतले, आणि साताऱ्यास जन्मलेले एटकेन हे मीठ व जकात खात्यांतले होते. कीटकशास्त्राची नोकरी तिघांपैकीं एकासही नव्हती. त्यांचें विशेष काम असें कीं, त्यांनीं नुसतीं फुलपाखरें टांचून न ठेवितां अळ्या घरीं आणून, त्यांच्याच अन्नाचीं पानें घालून वाढविल्या, आणि कोणत्या अळीचें कोणतें फुलपाखरूं होतें हें लिहून काढलें. कागदी लिंबावरील अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते व मागाहून हिरवीगार होते, हें बागाईतदारांस ठाऊक आहे. जो ती वाढवून पाहत नाहीं तो एकाच किडीच्या दोन किडी मोजील.

आतां निरीक्षण कसें करावें हें सांगतों. प्रथम एक वही करावी. तींत दर वेळीं पांच गोष्टी लिहाव्या : तारीख, गांव, तालुका व शेताचा गट नंबर, पीक, त्याचा वाण व वय, कीटक झाडाच्या कोणत्या भागावर व काय करीत होता, आणि मोजणी. आपल्याकडे नक्षत्रावरून दिवस सांगण्याची चाल आहे व ती हवामानाच्या दृष्टीनें उत्तमच आहे. परंतु ‘मृग लागल्यावर’ एवढ्यानें परप्रांतींच्या वाचकास बोध होत नाहीं. नक्षत्र लिहावें, पण शेजारीं तारीखही घालावी.

मोजणीविषयीं विशेष सांगावयाचें तें असें कीं, ‘फार’, ‘थोडी’, ‘बेसुमार’ हे शब्द वहींतून हद्दपार करावे. शेताच्या चार कोपऱ्यांत व मध्यें मिळून पांच जागा धराव्या, प्रत्येक जागीं चार झाडें पाहावीं, म्हणजे वीस झाडें होतात. त्यांपैकीं किती झाडांवर कीड आहे हा आंकडा लिहावा. कामगंध सापळे लाविले असल्यास रोजचे पतंग रोज मोजावे; कारण तीन रात्रींचे आंकडे हातीं असल्यावांचून फवारणीचा निर्णयही नीट होत नाहीं. आणि ज्या दिवशीं कांहींच आढळलें नाहीं त्या दिवशीं शून्य लिहावें, जागा मोकळी सोडूं नये. कीड कधीं आली हें ठरविण्यास ती कधीं नव्हती हेंही कळावें लागतें.

दुसरी गोष्ट नमुन्याची. छायाचित्र अवश्य काढावें, पण तें नमुन्याच्या जागीं चालत नाहीं. कित्येक पतंगांची ओळख त्यांच्या शरीराचे अंतर्भाग सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावांचून पटत नाहीं. मऊ अळी क्षणभर कढत पाण्यांत टाकून मग सुमारें सत्तर टक्के अल्कोहोलांत ठेवावी. तसें न केल्यास ती काळी पडते. पतंग व फुलपाखरें मात्र अल्कोहोलांत घालूं नयेत, त्यांच्या पंखांवरील रंगीत भुकटी जाते; तीं कागदाच्या त्रिकोणी पुडींत कोरडीं ठेवावीं. प्रत्येक बाटलींत शिसपेनीनें लिहिलेली चिठ्ठी आंतच घालावी. शाईचीं अक्षरें अल्कोहोलांत विरघळतात, आणि बाहेरची चिठ्ठी सुटली म्हणजे आंतला कीटक अनाथ होतो. शक्य असेल तेव्हां कांहीं अळ्या जाळीच्या झांकणाच्या बरणींत वाढवाव्या. त्यांतून पतंग निघाला तर ओळख पक्की होते. आणि पतंगाऐवजीं बारीक गांधीलमाशीसारखे परोपजीवी कीटक निघाले तर ते टाकून न देतां जपून ठेवावे. ते आपले मित्र होत, आणि त्यांची नोंद किडीच्या नोंदीहूनही अधिक उपयोगाची ठरते.

मित्रकीटकांची ओळख नसल्यास काय होतें याचा धडा ऊस-बागाईतदारांनीं २००२ सालच्या लोकरी माव्याच्या वेळीं घेतला आहे. हा मावा शास्त्रास नवा नव्हता. झेंटनर यांनीं १८९७ सालींच जावा बेटांतून त्याचें वर्णन केलें होतें. पश्चिम महाराष्ट्रांतील उसावर तो एकाएकीं वाढला तेव्हां पानाखालच्या पांढऱ्या थरांत एक लहानशी अळी फिरतांना दिसूं लागली. पानावर अळी दिसली कीं ती शत्रूच, या समजुतीनें औषध मारणें स्वाभाविक होतें. परंतु ती डिफा नांवाच्या पतंगाची अळी असून ती ऊस न खातां मावाच खाते. ती व मायक्रोमस हा कीटक यांना राखल्यानें व एका शेतांतून दुसऱ्या शेतांत नेऊन सोडल्यानें मावा आटोक्यांत येण्यास मोठें साहाय्य झालें. कोण कोणास खातें हें एकदां पाहून लिहिलें गेलें, म्हणजे पुष्कळ फवारण्यांचा खर्च वांचतो.

तिसरें उदाहरण त्वरेचें आहे. अमेरिका खंडांतील लष्करी अळी २०१६ सालीं आफ्रिकेंत आढळल्याचें नियतकालिकांतून प्रसिद्ध झालें. २०१८ च्या मे महिन्यांत कर्नाटकांत शिवमोगा भागांतील मक्याच्या पोंग्यांत अनोळखी अळी दिसली. डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडील एका वलयावर चौकोनांत मांडलेले चार काळे ठिपके, हीं लक्षणें छापील वर्णनाशीं पडताळून तिची ओळख पटली व ती लगेच प्रसिद्ध करण्यांत आली. त्याच वर्षीं ती महाराष्ट्रांतील मका व ऊस यांवरही आली. मादी-पतंग दूरवर उडतो आणि एक पिढी महिन्याभरांत पुरी होते. अशा किडीच्या बाबतींत ओळख पटण्यास लागलेला प्रत्येक महिना म्हणजे एक वाढलेली पिढी होय. म्हणून अनोळखी कीड दिसल्यास छापून येण्याची वाट पाहूं नये; प्रथम जवळच्या कृषि-विज्ञान-केंद्रास कळवावें, टिपण मागाहून लिहावें. जिवंत कीटक मात्र एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेऊं नयेत.

नमुने ओळखून घेण्यास राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषि-विद्यापीठांचे कीटकशास्त्र-विभाग आहेत. पुण्यास भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचें केंद्र आहे. भारतीय कीटकशास्त्र-मंडळ १९३८ सालीं स्थापन झालें व पुढच्याच वर्षीं त्याचें इंग्रजी नियतकालिक सुरू झालें; अशा नियतकालिकांत लहान टिपणांसही जागा असते. इंग्रजी येत नसल्यास अडून बसूं नये. आपली वही व नमुने घेऊन विद्यापीठांतील जाणकारास भेटावें आणि लेख दोघांच्या नांवें लिहावा. आपलें नांव व गांव त्यांत यावें, असें आरंभींच स्पष्ट बोलावें. यांत संकोच नको. संपादक लेख दोनतीन तज्ज्ञांकडे परीक्षणास धाडतात व ते उलट प्रश्न विचारतात. तो अपमान नव्हे. धान्य चाळणींतून काढावें तसा तो प्रकार आहे. उलट, परीक्षण न करितां पैसे घेऊन चार दिवसांत वाटेल तें छापणारीं नियतकालिकेंही हल्लीं निघालीं आहेत, त्यांच्यापासून दूर राहावें.

प्रत्येक निरीक्षण नवें निघेल असें नाहीं. पुष्कळदां उत्तर येईल कीं, ही कीड पूर्वींच ठाऊक आहे. तरीही तिचें नक्की नांव कळलें, आणि नांव कळलें म्हणजे तिच्याविषयीं जगांत जें जें लिहिलें गेलें आहे त्याचें दार उघडलें. चुकीच्या किडीवर चुकीचें औषध मारण्याचा खर्च टळला, हा लाभ लहान नव्हे. आमची वाचकांस एवढीच विनंति आहे कीं, येत्या हंगामांत प्रत्येकानें एकच पीक व त्यावरील एकच कीड निवडावी, आणि उगवणीपासून काढणीपर्यंत आठवड्यांतून एकदां तिची मोजणी लिहावी. एका तालुक्यांत अशा दहा वह्या तयार झाल्या, तरी त्या तालुक्यांतील त्या किडीविषयीं आजवर कोणाजवळही नाहीं इतकी माहिती शेतकऱ्यांच्याच हातीं येईल.