रद्दीतली फुटबॉल पुस्तिका : छंद आधी, धंदा नंतर

दुकानात रद्दी आली की आपण ती तराजूवर टाकतो, किलोने पैसे देतो आणि गठ्ठा बांधून मोकळे होतो. पण त्या गठ्ठ्यात जुन्या फुटबॉल सामन्याची एखादी पुस्तिका असेल, तर ती वजनाने विकायची वस्तू नव्हे, हे हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या व्यापारी बंधूंनी ध्यानात घ्यावे.

सामन्याच्या दिवशी मैदानावर विकल्या जाणाऱ्या या पुस्तिकेला ‘मॅच प्रोग्रॅम’ म्हणतात. तीत तारीख, दोन्ही संघ, खेळाडूंची नावे आणि जाहिराती असतात. आपल्याकडे स्पर्धेची स्मरणिका निघते, तीही याच जातीची. इंग्लंडात हिचा मोठा बाजार आहे. १८८२ च्या एफ. ए. कप अंतिम सामन्याची पुस्तिका मे २०१३ मध्ये लंडनला सोदबीजच्या लिलावात ३५,२५० पौंडांना गेली.

हा आकडा वाचून कोणी हुरळून जाऊ नये. अलीकडच्या दशकांतल्या इंग्लिश पुस्तिका हजारोंनी छापल्या गेल्या, त्या आजही स्वस्तात मिळतात. भाव येतो तो दुर्मिळतेला आणि चांगल्या स्थितीला.

आपल्या भागाचा विषय

नवख्याने सगळे जमवू नये, एकच विषय धरावा. आपल्यासाठी तो हैदराबादचा फुटबॉल! हिंगोली १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती. त्याच काळात हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. रोव्हर्सच्या इतिहासात १९३७ चा विजेता बंगलोर मुस्लिम्स आणि १९४० चा विजेता कलकत्त्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंगही आहे. अशा सामन्यांचे कागद निवृत्त पोलीस, रेल्वे कर्मचारी आणि जुन्या खेळाडूंच्या घरी पेटीत पडलेले असू शकतात. घर बदलताना किंवा वडीलधारे गेल्यावर ते सरळ रद्दीत जातात. एकदा लगदा झाला की तो इतिहास पुन्हा छापता येत नाही.

अस्सल कसे ओळखावे?

इथे आपल्या छापखान्यातल्या कारागिरांचा हात उपयोगी पडतो. त्या काळी मजकूर बहुधा खिळे जुळवून छापत. कागदाच्या मागून बोट फिरवले तर अक्षरांचा दाब लागतो. ऑफसेटवर किंवा झेरॉक्सवर काढलेल्या नकलेत तो लागत नाही. भिंगाखाली धरून पाहावे. टाचणी नवी कोरी आणि कागद मात्र पिवळा असेल तर सावध व्हावे. इंग्लंडच्या १९६६ च्या विश्वचषक अंतिम सामन्याच्या पुस्तिकेच्या तर नव्याने छापलेल्या प्रतीही पुष्कळ आहेत, म्हणून त्या वाटेला नवख्याने जाऊ नये.

जपणूक

चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, रबर लावून बांधू नये. असे केल्याने किंमत वाढत नाही, उतरते. साध्या प्लॅस्टिकऐवजी पॉलिएस्टरची पारदर्शक पिशवी वापरावी. पुस्तिका आडवी ठेवावी. पावसाळ्यात ओल, कसर आणि वाळवी यांवर नजर ठेवावी. वहीत प्रत्येक पुस्तिकेची तारीख, संघ, कोणाकडून मिळाली आणि किती दिले हे लिहावे. हीच नोंद पुढे गिऱ्हाइकाला पुरावा म्हणून दाखवता येते.

भांडवलाचे काय?

दुकानाच्या गल्ल्यातला पैसा यात घालू नये, कर्ज तर मुळीच काढू नये. गिऱ्हाईक थोडे, विक्री सावकाश. एक पुस्तिका वर्षभरही पडून राहू शकते. आणि समोरच्याला किंमत ठाऊक नसेल तर ती त्याला खरी सांगावी. म्हातारीच्या पेटीतला कागद रद्दीच्या भावात उचलून दुसरीकडे हजारात विकणारा आज कमावतो, पण त्या घराचे दार त्याला पुन्हा उघडत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गठ्ठा बांधण्याआधी तो एकदा चाळून पाहा. वेळ पाच मिनिटे, खर्च काही नाही.